पार्श्वभूमी : कार्य मोजताना अंतर का धरतात?

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात दोन मल्ल मानेत हात घालून मिनिटभर जागचे हलले नाहीत, तर नववीच्या व्याख्येप्रमाणे (कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, म्हणजे बलाच्या दिशेने सरकलेलं अंतर) त्यांनी एकमेकांवर केलेलं कार्य शून्य. तालमीत जाणाऱ्या पोराला हे पटत नाही, आणि त्याची शंका रास्त आहे. मेहनत वेळेवर मोजायची की अंतरावर, हा प्रश्न विज्ञानातही दीडशे वर्षं रेंगाळला होता.

सतराव्या शतकाच्या अखेरीस गतीचं खरं माप कोणतं यावर युरोपात वाद पेटला. वस्तुमान गुणिले वेग, की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग? बरोबर दोन्ही बाजू होत्या. बल किती वेळ लावलं ते पहिल्यात उतरतं, किती अंतरभर लावलं ते दुसऱ्यात.

अंतराचं पारडं जड केलं ते खाणींनी. वाफेच्या पंपाचा मालक विचारी, एवढ्या कोळशात किती पौंड पाणी किती फूट वर आलं? आपल्याकडे मोट हाकणाऱ्यालाही हा हिशेब कळला असता. दीडशे लिटरची मोट दहा मीटर वर आली की साधारण १४,७०० जूल कार्य झालं. बैल धावेवरून भरभर गेले की रमतगमत, आकडा तोच. घाई मोजायला शक्ती हे वेगळं माप. एका मिनिटात ३३,००० पौंड एक फूट वर, ही अश्वशक्ती.

१८२९ मध्ये फ्रान्समध्ये बल गुणिले अंतर या गुणाकाराला नाव मिळालं ते थेट मजुरीच्या बोलीतलं, ‘काम’ या अर्थाचं. खरा गुंता इथला. मराठीत आपण ‘काम’ न घेता ‘कार्य’ घेतलं, आणि घरात कार्य आहे म्हटलं की लग्न किंवा मुंज. तरी मला ही निवड योग्यच वाटते. काम म्हटलं की हजेरी आणि रोज आलाच. दिवसभर पोतं डोक्यावर धरून उभ्या हमालाला तू काम केलं नाहीस, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? अडचण एवढीच, की वर्गात कार्य म्हणजे काम असं सांगून मोकळं होतात, आणि जपलेला फरक तिथेच पुसला जातो. ‘विस्थापन’ची गत आणखी अवघड, कारण कोल्हापूर जिल्ह्यात तो शब्द धरणग्रस्तांचा आहे.

मल्लांच्या घामाचा उलगडा १८४० च्या दशकात झाला. कार्य आणि उष्णता एकाच मापात बसतात हे तेव्हा प्रयोगांनी दाखवलं. जागच्या जागी ताणलेले स्नायू आतल्या आत ऊर्जा खर्चतात आणि ती उष्णता होऊन बाहेर पडते. समोरच्या मल्लापर्यंत त्यातलं कार्य म्हणून पोचतं, ते तो हलला तरच.