न्यूट्रिनो

न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला आणि जवळजवळ वजनच नसलेला मूलकण आहे, आणि त्याची खरी ओळख म्हणजे तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. सूर्यातून निघालेले साधारण ६५ अब्ज न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात, रात्रीसुद्धा जातात, फक्त तेव्हा ते अख्खी पृथ्वी भेदून खालून वर येतात एवढाच फरक. आपल्याला पत्ता लागत नाही, कारण त्याच्यावर फक्त दोनच बलं चालतात, एक गुरुत्वाकर्षण (ते इतकं कमी की धरायलाच नको) आणि दुसरं दुर्बल बल, जे नावाप्रमाणेच दुर्बल आहे. नावावरून बरेच जण याला न्यूट्रॉनचा धाकटा भाऊ समजतात पण तसं काही नाही, इटालियन भाषेत त्या नावाचा अर्थ 'छोटा न्यूट्रल' एवढाच.

हा कण सापडायच्या आधी कागदावर जन्मला. बीटा क्षयात (किरणोत्साराचा एक प्रकार) अणुकेंद्रातून जो इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्याची ऊर्जा दरवेळी वेगळी यायची आणि हिशोब काही केल्या जुळत नव्हता, नील्स बोर तर ऊर्जा-अक्षय्यतेचा नियमच सोडून द्यायला तयार झाला होता. ४ डिसेंबर १९३० ला भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीने ट्युबिंगनला जमलेल्या शास्त्रज्ञांना पत्र पाठवलं की एक न दिसणारा कण ती उरलेली ऊर्जा घेऊन पळत असणार, आणि स्वतः मात्र झुरिचमध्ये नाचाचा कार्यक्रम असल्यामुळे बैठकीला गेला नाही. पुढे इटालियन भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने १९३४ मध्ये त्याची रीतसर थिअरी मांडली. प्रत्यक्ष पुरावा मिळायला १९५६ उजाडलं, राइन्स आणि कोवन या दोघांनी अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर अणुभट्टीजवळ तो मिळवला. राइन्सला नोबेल १९९५ मध्ये मिळालं, तोवर कोवन जाऊन २१ वर्षं झाली होती.

पण मला विचाराल तर या सगळ्यातला खरा चिवटपणा रे डेव्हिस या अमेरिकन शास्त्रज्ञाचा. दक्षिण डकोटातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, जवळपास दीड किलोमीटर खोल, त्याने ६१५ टन परक्लोरोएथिलीन भरलेली टाकी बसवली, म्हणजे ड्रायक्लीनिंगला वापरतात तेच द्रव. सूर्याचा एखादा न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूवर आपटला की त्याचा किरणोत्सारी आर्गॉन होतो, मग थोड्या थोड्या महिन्यांनी टाकीतून हेलियम फिरवून ते मोजके अणू बाहेर काढायचे आणि एकेक करून मोजायचे. दोन दिवसांत जेमतेम एक अणू तयार व्हायचा! आणि हे काम दोन दशकांहून जास्त चाललं. आकडा मात्र सारखा अपेक्षेच्या एक तृतीयांशच येत राहिला, मग कुणी म्हणे प्रयोग चुकला, कुणी म्हणे सूर्याचं गणित चुकलं.

चुकलं दोन्ही नव्हतं. न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात, इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ, आणि ते वाटेत प्रकार बदलतात, डेव्हिसच्या टाकीला मात्र फक्त पहिलाच प्रकार दिसत होता. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडेने (डोंगराखाली ५० हजार टन शुद्ध पाणी) वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंमध्ये ही अदलाबदल दाखवली, आणि नंतर कॅनडाच्या सडबरी वेधशाळेने जड पाणी वापरून सूर्याकडून येणारे तिन्ही प्रकार एकत्र मोजले तर बेरीज बरोबर निघाली. या दोन प्रयोगांचे काजिता आणि मॅकडोनाल्ड यांना यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं.

भौतिकशास्त्राला हा कण एवढा महत्त्वाचा वाटतो तो इथेच, कारण प्रकार बदलायचा तर वस्तुमान हवं आणि स्टँडर्ड मॉडेलने (मूलकण आणि त्यांच्यातली बलं सांगणारी सर्वमान्य थिअरी) तर ते शून्य धरलं होतं. म्हणजे इतक्या कसोट्या पास झालेल्या थिअरीत उघडउघड भोक पडलं. वस्तुमान नक्की किती ते अजून मोजता आलेलं नाही, जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाने फक्त वरची मर्यादा घातली आहे, ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), आणि इलेक्ट्रॉनचं आहे ५ लाख ११ हजार, यावरून अंदाज करा. न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण (म्हणजे विरुद्ध गुणांचा जोडीदार कण) आहे की नाही हेही ठरायचंय, आणि विश्वात द्रव्य उरलं पण प्रतिद्रव्य गेलं कुठे या प्रश्नाचा धागा कदाचित त्यातच असेल.

२०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा जोरात धावतात अशी बातमी आली होती, ती शेवटी एका नीट न बसलेल्या फायबर केबलवर येऊन संपली.

कुणात मिसळत नाही हा स्वभाव पकडणाऱ्याला जितका त्रासाचा तितकाच खगोलशास्त्राच्या फायद्याचा. सूर्याच्या गाभ्यातल्या प्रकाशाला बाहेर यायला हजारो वर्षं लागतात, न्यूट्रिनो मात्र ८ मिनिटांत पृथ्वीवर. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅगेलनी मेघात (आपल्या शेजारची छोटी दीर्घिका) फुटलेल्या ताऱ्याचे तीन डिटेक्टरांना मिळून जेमतेम २५ न्यूट्रिनो सापडले, पण तेही त्या ताऱ्याचा प्रकाश पोचायच्या दोन-तीन तास आधी, कारण प्रकाशाला ताऱ्यातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. म्हणून आता बरेच डिटेक्टर एकमेकांना जोडून ठेवलेत, एकाच वेळी सगळीकडे न्यूट्रिनोंचा लोंढा दिसला की दुर्बिणवाल्यांना लगेच निरोप जायचा. १९८७ नंतर इतक्या जवळ एकही तारा फुटलेला नाही.