थंडीत मासा गळाला का लागत नाही?

परभणीचा पारा एक आकडी झाल्याची बातमी आली की पैठणला नाथसागराच्या काठी ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "थंडीनं मासा झोपला." मग कुणी अमावस्येची वाट बघतो, कुणी आमिषात कालवायला 'हमखास' अर्काची महागडी बाटली घेतो. मासा झोपलेला नसतो, आणि अमावस्या आली म्हणून ही मंदी सरतही नाही.

मासा थंड रक्ताचा, म्हणजे पाणी गार तर तोही गार. शरीर १० अंशांनी थंडावलं की त्यातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. खाल्लेलं पचायला वेळ लागतो, मग भूक कुठून लागणार? प्राणवायू कमी पडतो म्हणावं, तर गार पाण्यात तो जास्तच विरघळतो: ३० अंशांना लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम, २० अंशांना ९.

खरी कमाल आहे ती पेशीच्या आवरणात. हे आवरण स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं आणि ते पातळ, हलतं राहावं लागतं. त्यात बसलेली प्रथिनंच क्षारांची ने-आण करतात, मज्जातंतूंचे संदेश पुढे धाडतात. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठतं, करडईचं गोठत नाही. खोबरेलातल्या संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, एकमेकींना चिकटून बसतात. करडईतल्या असंपृक्त साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्या दाटीनं बसूच शकत नाहीत. गारठा वाढला की मासाही आपल्या आवरणात अशाच वाकड्या साखळ्या वाढवतो. डीसॅच्युरेज नावाची विकरं (एन्झाइम) सरळ साखळीतून हायड्रोजनचे दोन अणू काढून घेतात, तिथे दुहेरी बंध तयार होतो, साखळी वाकते आणि आवरण पुन्हा सैल होतं. सायप्रिनस माशात (कॉमन कार्प) हे बारकाईनं अभ्यासलं गेलंय. मात्र या बदलाला काही दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणून हळूहळू आलेली थंडी मासा पचवतो, पण एका रात्रीत आलेली लाट त्याला सुस्त करून टाकते.

हिमाचलच्या ओढ्यांत इंग्रजांनी आणून सोडलेला ट्राउट मुळात थंड पाण्याचाच. आपला रोहू ज्या पाण्यात तोंड उघडत नाही, त्यात हा खातो. पाणी ४ अंशांच्या आसपास उतरलं की मात्र तोही मंदावतो. तिथे पिसांची खोटी माशी गळाला बांधून त्याला फसवतात. हंगामाच्या शेवटी गळकरी पहाटे जात नाहीत. ऊन चढून पाणी जरा कोमट झालं की दगडांखालचे कीटक वर येतात, त्यांच्यामागे ट्राउट. १ नोव्हेंबरपासून चार महिने तिथे ट्राउटच्या विणीसाठी मासेमारी बंद असते.

तेव्हा नाथसागरावर जाणारच असाल, तर लाट ओसरू द्या, थंडी चार-आठ दिवस एकसारखी राहू द्या. भर दुपारी उन्हातला उथळ काठ धरा, कणकेचा गोळा हरभऱ्याएवढाच लावा आणि गळ एका जागी बराच वेळ राहू द्या. सुस्तावलेला मासा आमिषामागे धावत नाही, ते त्याच्या तोंडाशी असावं लागतं.