नायलॉन: न्यूयॉर्कही नाही, लंडनही नाही

न्यूयॉर्कचे ‘एनवाय’ आणि लंडनचे ‘लॉन’ मिळून ‘नायलॉन’ झाले, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले जाते. जुळते छान, पण खरे नाही.

हा धागा अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीचा. वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने तो 1935 मध्ये विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत बनवला. लंडनचा इथे संबंधच नाही! 1938 मध्ये जाहीर घोषणा झाली, तेव्हा कॅरोदर्स हयात नव्हते. पुढे कंपनीनेच सांगितले, की ‘नायल’ला काही अर्थ नाही आणि ‘ऑन’ हे कॉटन, रेयॉनच्या चालीवर जोडले. नंतर कंपनीकडूनच आलेली हकिगत अधिक गमतीची आहे. या धाग्याचे मोजे उसवत नाहीत (इंग्रजीत मोज्याचे उसवणे म्हणजे ‘रन’) म्हणून आधी ‘नो-रन’ सुचले. पण ते उसवायचेच, मग असा दावा कसा करणार? म्हणून अक्षरे फिरवत फिरवत ‘नायलॉन’वर गाडी थांबली.

जपानला शिवी देणाऱ्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे म्हणजे नायलॉन, असेही कुणी सांगतात. ती जुळवाजुळव नाव रूढ झाल्यावरची.