न्यूट्रिनो म्हणजे न्यूट्रॉनचं पिल्लू नव्हे

‘न्यूट्रिनो म्हणजे अगदी छोटासा न्यूट्रॉन.’ मुलांना विज्ञान सांगणाऱ्या मोठ्या माणसांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती सुरुवात झाली तरी माझ्या कपाळावर आठी पडते.

न्यूट्रॉन तुम्हाला माहीत आहे. अणुकेंद्रकात प्रोटॉनच्या शेजारी राहतो, विद्युतभार शून्य, १९३२ साली चॅडविक या शास्त्रज्ञाने शोधला. झालं.

नावाचा घोळ मात्र खरा आहे. १९३० साली पाउली या भौतिकशास्त्रज्ञाने एक हलका, भाररहित कण सुचवला आणि त्याला चक्क ‘न्यूट्रॉन’च म्हटलं. दोन वर्षांनी ते नाव चॅडविकच्या जड कणाला चिकटलं. मग रोममध्ये फर्मी या शास्त्रज्ञाच्या मंडळींनी पाउलीच्या कणाला इटालियन वळणाचं नाव दिलं: न्यूट्रिनो, म्हणजे ‘छोटुकला उदासीन’. उदासीन म्हणजे भार नसलेला, एवढंच. वजनाचं म्हणाल, तर न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनच्या १८३९ पट जड आणि न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनपेक्षाही किमान दहा लाख पटींनी हलका. हे पाठ केलं की मार्क मिळतात, पण गाडी अडते ती पुढे.

‘न्यूट्रिनोला भार नाही, म्हणून तो सगळ्यातून आरपार जातो.’ हे वाक्य मुलांना सांगणं आधी बंद करा. भार तर न्यूट्रॉनलाही नाही! मग तो का अडतो? चॅडविकच्या प्रयोगात न्यूट्रॉन मेणावर आदळले आणि त्यातून प्रोटॉन उडाले. हे घरी कॅरमवर दाखवता येतं. दोन सोंगट्या घ्या, एक नीट समोरासमोर दुसरीवर मारा. पहिली जवळजवळ जागीच थांबते, दुसरी सुटते. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन जवळपास सारख्याच वजनाचे, म्हणून मेणातला किंवा पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग झटपट खाऊन टाकतो.

खरा फरक बलांचा आहे. केंद्रकाला घट्ट बांधून ठेवणारं प्रबळ बल न्यूट्रॉनला लागू होतं. न्यूट्रिनोला ते लागूच नाही. गुरुत्वाकर्षण सोडलं तर त्याच्या वाट्याला उरतं फक्त क्षीण बल, आणि त्या बलाची पोहोच केंद्रकाच्या आकाराहूनही कितीतरी तोकडी. म्हणजे केंद्रकातून जातानाही न्यूट्रिनोला बहुतेक वेळा कोणी हटकत नाही. १९५६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, ती पाण्याच्या हौदात बुडवलेली होती. न्यूट्रॉन त्या पाण्यातच अडत. भट्टीतून निघणारे प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचे प्रतिकण, मात्र पाणी, भिंती आणि अख्खी मुंबई ओलांडून निघून जात. त्याच वर्षी अमेरिकेत रेन्स आणि कोवन यांनी अशाच एका भट्टीपाशी ते पहिल्यांदा पकडल्याचं जाहीर केलं होतं.

आणखी एक. एकटा न्यूट्रॉन सुमारे पंधरा मिनिटांत फुटतो. प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो निघतात. लगेच कोणीतरी म्हणतं, ‘बघा, प्रतिन्यूट्रिनो आत होताच!’ नव्हता. टाळी वाजवली की आवाज येतो, तो काय तळहातात भरून ठेवलेला असतो?

‘भुताटकीचा कण’ असं म्हणणंही मला आवडत नाही. मुलं भूत लक्षात ठेवतात, कण विसरतात. त्यापेक्षा नख दाखवा. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सूर्याकडचे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो जातात. हे ऐकून माझ्या आठ वर्षांच्या भाचीने पहिली शंका काढली, ‘आणि रात्री गं, मावशी?’ रात्री सूर्य पृथ्वीच्या पलीकडे असतो, मी म्हटलं, पण त्यांना पृथ्वीही अडवत नाही. तिने वाकून पलंगाखाली पाहिलं. ‘म्हणजे खालून येतात?’

हो. फरशीतून, गादीतून, तुझ्या पाठीतून आणि मग छतातून वर.