कस्टम कार मॉडेल : अभिजात मोटारीची प्रमाणबद्ध प्रतिकृती

अभिजात मानल्या जाणाऱ्या जुन्या मोटारगाडीची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती सुट्या भागांतून जुळवायची, आणि जुळवताना मूळ गाडीच्या घडणीत, उंचीत, सजावटीत किंवा रंगात आपल्या कल्पनेप्रमाणे बदल करायचे, या छंदाला कस्टम कार मॉडेल बांधणी म्हणतात. कंपनीच्या मूळ रूपाशी तंतोतंत जुळणारी प्रतिकृती आणि कस्टम प्रतिकृती यांची सुरुवात बहुधा एकाच किटपासून होते. मात्र दुसऱ्या प्रकारात बांधणाऱ्याला मोटारीचा आकार जाणावा लागतो आणि तो कुठे कापता येईल हेही जाणावे लागते. त्यामुळे या कलेचा खरा नातेवाईक खेळण्यांचा कारखाना नसून पत्रा कापून गाडी नव्याने घडवणारे गॅरेज आहे.

या छंदात १:२४ आणि १:२५ ही दोन प्रमाणे सर्वाधिक वापरली जातात. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीतील एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच. १:२५ हे प्रमाण मुख्यतः अमेरिकन उत्पादकांनी रूढ केले. युरोपातील १:४३ हे प्रमाण ‘ओ’ गेज या रूळरुंदीच्या खेळण्यातील आगगाड्यांसोबत आले. २४ आणि २५ यांतील फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण १९४९ च्या मर्क्युरीच्या पुढच्या व मागच्या आसांतील ११८ इंचांचे अंतर १:२५ मध्ये सुमारे १२० मिलिमीटर भरते, तर १:२४ मध्ये सुमारे १२५ मिलिमीटर. एका प्रमाणाच्या किटमधील चाके किंवा इंजिन दुसऱ्या प्रमाणाच्या गाडीत खपून जाते. सांगाडा, म्हणजे गाडीचे बाहेरचे कवच, किंवा टप मात्र खपत नाही.

या छंदाचे मूळ अमेरिकेतील मोटारविक्रीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्यांचे विक्रेते ग्राहकांना नव्या मॉडेलच्या छोट्या, तयार प्लॅस्टिक प्रतिकृती देत असत आणि मिशिगन राज्यातील एएमटी, डेट्रॉइटमधील जो-हान अशा कंपन्या त्या बनवत. १९५८ मध्ये एएमटीने त्याच साच्यांवर आधारलेली सुट्या भागांची किटे विक्रीला आणली. एका पेटीतून गाडी मूळ रूपात, कस्टम रूपात किंवा शर्यतीच्या रूपात बांधता येईल अशी त्यांची योजना होती आणि तिला ‘थ्री-इन-वन’ असे नाव होते. उरलेले भाग पुढच्या गाडीसाठी राखून ठेवण्याची सवय मॉडेलकारांना याच पेट्यांनी लावली. कॅलिफोर्नियातील रेव्हेल, शिकागोतील मोनोग्राम आणि १९६३ मध्ये स्थापन झालेली एमपीसी यांनी पुढे हे क्षेत्र विस्तारले. जपानमध्ये शिझुओका येथील तामियाने भागांच्या अचूक जुळणीचा दर्जा उंचावला. याच्याही आधी, १९३० पासून १९६८ पर्यंत, जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही किशोरवयीन मुलांसाठीची स्पर्धा चालवली होती. तिच्यात सुरुवातीला राजेशाही घोडागाडीची आणि नंतर स्वतः कल्पिलेल्या मोटारीची प्रतिकृती करावी लागे आणि विजेत्यांना शिष्यवृत्ती मिळे. मोटारीचे रेखाटन शिकण्याची ती एक गंभीर शाळाच होती.

हिरोहाता मर्क्युरीचे उदाहरण

कस्टम कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी एकच गाडी नीट पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. कॅलिफोर्नियातील बॉब हिरोहाता यांच्या १९५१ च्या मर्क्युरीवर जॉर्ज आणि सॅम बॅरिस या बंधूंच्या गॅरेजात १९५२ मध्ये काम झाले. टप पुढच्या बाजूला सुमारे ४ इंच आणि मागच्या बाजूला सुमारे ७ इंच खाली आणण्यात आला, दारांमधला मधला खांब काढून टाकण्यात आला, मागचे दिवे लिंकनचे आणि बाजूची चकचकीत पट्टी ब्यूइकची बसवण्यात आली. वरचा भाग फिकट बर्फाळ हिरवा आणि खालचा गडद हिरवा असा तिचा दुरंगी थाट होता. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत तिचा समावेश झाला. ही गाडी मॉडेलकारांना पिढ्यान्‌पिढ्या भुरळ घालते, कारण तिच्यात अलंकार कमी आहेत आणि रेषेची समज फार मोठी आहे.

१:२५ प्रमाणात ४ इंच म्हणजे साधारण ४ मिलिमीटर आणि ७ इंच म्हणजे ७ मिलिमीटर. एवढासा तुकडा काढून टाकला की काम संपेल असे नवख्याला वाटते, पण अडचण तिथेच सुरू होते. पुढचे खांब मागे झुकलेले असतात आणि मागचा भाग पुढे झुकलेला असतो. म्हणून मधली चकती काढून टप सरळ खाली आणला की त्याची वरची टोके खालच्या टोकांवर बसत नाहीत, दोन्हीकडून आत राहतात. यावर उपाय दोन. एक तर टप आडवा कापून त्यात प्लॅस्टिकची पट्टी घालून तो लांबवायचा, नाही तर खांबांचा कल बदलायचा आणि मागची काच अधिक आडवी करायची. बॅरिस बंधूंनी मागे जास्त कापले ते याचसाठी; त्यामुळे टपाची उतरण डिकीपर्यंत अखंड वाहते. मॉडेलकारासमोर हीच भूमिती जशीच्या तशी उभी राहते, आणि म्हणूनच टप कापण्याचे काम हे या छंदातील सर्वांत शिकवणारे काम आहे असे म्हणायला हरकत नाही.

कापण्याआधी चिकटपट्टी लावून दोन्ही बाजूंच्या रेषा मोजून आखतात. करवतीचे पाते जेमतेम पाव मिलिमीटर जाड असले तरी त्याने खाल्लेली जागा खऱ्या गाडीच्या हिशेबात ६ मिलिमीटर होते, तेव्हा रेषेच्या टाकाऊ बाजूनेच कापावे लागते. मधला खांब काढायचा असल्यास तो शेवटपर्यंत राखून ठेवणे शहाणपणाचे, कारण तो गेला की टप हातात डळमळू लागतो. सांध्यांना आतून पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे किट ज्या प्लॅस्टिकचे असते त्याच्याच, पट्ट्यांचा आधार देतात. मॉडेलचा द्रव गोंद हा खरे तर द्रावक असतो. तो प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतो आणि नंतर आठवडे-आठवडे उडत राहतो. घाईने रंगवलेल्या सांध्यावर महिन्याभराने बारीक खाच उमटते ती यामुळेच. पुट्टी, म्हणजे आपल्याकडील रंगाऱ्यांची लांबी, हीसुद्धा वाळताना आकसते, म्हणून ती जाड थराने न भरता पातळ थरांनी भरतात. खिडक्यांच्या काचा आता लहान झालेल्या असतात. किटमधील काच कापून बसली नाही तर प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्यातून नवी कापावी लागते. बाजारात मिळणारी बहुतेक किटे १९४९ च्या मर्क्युरीची आहेत, तर हिरोहाता यांची गाडी १९५१ ची. त्या वर्षी मागचे मडगार्ड लांबवले गेले होते, म्हणून अचूक प्रतिकृती करणाऱ्याला गाडीचा मागचा भागही घडवावा लागतो.

रंगकाम

प्रतिकृतीत लांबी, रुंदी आणि उंची लहान करता येते, पण रंगाच्या थराची जाडी लहान करता येत नाही. या एका वस्तुस्थितीतून मॉडेलच्या रंगकामाचे जवळजवळ सगळे नियम निघतात. कारखान्यातून निघणाऱ्या आधुनिक गाडीवर प्रायमरपासून, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापासून, वरच्या पारदर्शक थरापर्यंत एकूण साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर रंग असतो. मॉडेलवर काळजीपूर्वक दिलेला रंगही सहज ०.१ मिलिमीटर भरतो, म्हणजे प्रमाणात तो अडीच मिलिमीटर जाड ठरतो. खऱ्या गाडीत दार आणि मडगार्ड यांच्यातील फट ५ मिलिमीटर असेल तर १:२५ मध्ये ती ०.२ मिलिमीटर होते, आणि दोन्ही कडांवर ०.१ मिलिमीटर रंग चढला की ती पूर्ण बुजते. म्हणून प्रायमर देण्यापूर्वीच दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या रेषा टोकदार अवजाराने खोल कोरून घेतात.

सुरुवात सांगाडा भांडी घासण्याच्या साबणाने धुण्यापासून होते, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असू शकतो. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे मडगार्डांवरून आणि टपाच्या कडांवरून बारीक उंचवट्याची रेष गेलेली असते. ती पॉलिश पेपरने काढली नाही तर कितीही सुंदर रंगाखालून ती डोकावते. राखाडी प्रायमरचा एक हात दिला की उरलेले दोष दिसू लागतात, आणि प्रायमरचे पहिले काम खरे तर हेच आहे. त्याचे दुसरे काम बचावाचे. मोटारींच्या रंगातील आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या एनसी थिनरमधील द्रावके पॉलिस्टायरीनला खातात. उघड्या प्लॅस्टिकवर ती पडली तर पृष्ठभागावर जाळीदार तडे उमटतात.

रंग एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या अवजाराने, किंवा फवारणीच्या डब्याने देतात. एअरब्रशच्या तोंडाचे छिद्र साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचे, हवेचा दाब १५ ते २५ पीएसआय आणि अंतर १० ते १५ सेंटिमीटर ठेवले तर बहुतेक लॅकर, म्हणजे द्रावक उडून लवकर वाळणारे रंग, चांगले बसतात. पहिला हात धुक्यासारखा विरळ, पुढचे थोडे ओले. दूर धरले तर थेंब वाटेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो, जवळ धरले तर ओघळ येतात. धारदार कडांवरून ओला रंग आपोआप मागे सरकतो, म्हणून तिथला थर नेहमी सर्वांत पातळ असतो, आणि पुढे पॉलिश करताना प्रथम तिथलाच रंग उडतो.

धातूची चमक असलेल्या रंगांत प्रमाणाचा प्रश्न आणखी टोकदार होतो. मोटारीच्या मेटॅलिक रंगातील ॲल्युमिनियमचा ०.०५ मिलिमीटरचा कण १:२५ मध्ये सव्वा मिलिमीटरचा भासतो. गाडीवर चमकी शिंपडल्यासारखी दिसते. म्हणून मॉडेलसाठी अतिशय बारीक कणांचे रंग निवडावेत. १९५० आणि ६० च्या दशकांतील कस्टम गाड्यांची ओळख बनलेला ‘कँडी’ रंग मात्र प्रतिकृतीवर विलक्षण खुलतो. त्यात चंदेरी किंवा सोनेरी थरावर पारदर्शक रंगाचे हात देतात. प्रकाश आत जाऊन धातूवरून परततो आणि रंग खोल दिसतो. प्रत्येक हातागणिक तो गडद होत जातो, त्यामुळे सांगाडा, बॉनेट आणि सुटी दारे एकाच वेळी, तितक्याच हातांनी रंगवणे आवश्यक असते.

दुरंगी कामात फिकट रंग आधी देतात. मास्किंग टेपच्या कडेवरून आधीच्याच रंगाचा किंवा पारदर्शक लॅकरचा पातळ हात फिरवला की पुढचा रंग खाली झिरपत नाही. हिरोहाता मर्क्युरीत दोन रंगांच्या सीमेवर चकचकीत पट्टी येते, ही मॉडेलकारासाठी मोठीच सोय. रंग पूर्ण वाळल्यावर ३२०० पासून १२००० पर्यंतच्या अतिबारीक कापडांनी, पाणी लावून, पृष्ठभाग घासतात आणि शेवटी पॉलिश लावतात. संत्र्याच्या सालीसारखा पोत खऱ्या गाडीवर क्षम्य असतो, पण मॉडेलवर तोच पोत पंचवीसपट मोठा भासतो. वाळण्याचा काळ एनॅमलमध्ये काही आठवडे, लॅकरमध्ये बराच कमी असतो. काही जण सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पेटीत सांगाडा ठेवतात. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडत असल्याने ४० अंशांहून फार वर जाणे धोक्याचे आहे. दोन घटकांच्या युरेथेन लॅकरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुफ्फुसांना घातक असून त्यांच्यासाठी कापडी मास्क चालत नाही. योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर आणि बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच.

कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यातील दमट हवा लॅकरची शत्रू ठरते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर साचते आणि चकाकी दुधाळ होते. पाऊस थांबेपर्यंत वाट पाहावी, किंवा सावकाश उडणारा थिनर मिसळावा.

काचेच्या आणि बॉनेटच्या कडेच्या चकचकीत पट्ट्यांसाठी पाठीला गोंद असलेली अतिशय पातळ धातूची फॉइल वापरतात. ती पॉलिश झाल्यावर लावतात, कापसाच्या काडीने दाबून आकारात बसवतात आणि नव्या पात्याने कडेने कापतात. किटमधील बंपर आणि ग्रिल यांच्यावर निर्वातात चढवलेला मुलामा असतो. चिकटवण्याच्या जागी तो खरवडल्याशिवाय सांधा टिकत नाही. मुलामा जाड वाटल्यास तो घरगुती ब्लीचने निघतो आणि नव्याने चमक चढवता येते. पारदर्शक भागांना फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद लावू नये, कारण त्याच्या वाफेने काच पांढरट होते. फेविकॉलसारखा पांढरा गोंद तिथे उत्तम. इंजिनाच्या स्पार्क प्लगची तार ०.३ मिलिमीटरच्या जवळपास असली की ती प्रमाणात दिसते.

ज्या गाडीचे किट हाती नाही तिच्यासाठी पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून सगळा सांगाडा घडवणे किंवा त्रिमितीय छपाई करणे हे मार्ग उरतात. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली पद्मिनी, जिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, ती या पद्धतीसाठी फार योग्य विषय आहे. तिची घडण साधी, कडा ठळक आणि संदर्भासाठी मोजता येतील अशा खऱ्या गाड्या अजून शिल्लक आहेत. रेझिनमध्ये छापलेल्या भागांवर थरांच्या पायऱ्या राहतात. त्या घासल्याशिवाय वर सांगितलेले रंगकाम साधत नाही.

पूर्ण झालेली प्रतिकृती काचेच्या पेटीत, उन्हापासून दूर ठेवतात, कारण अतिनील किरणांनी पारदर्शक लॅकर आणि डिकॅल, म्हणजे चिकटवलेली छापील चित्रे, पिवळी पडतात. जुन्या किटमधील मऊ व्हिनाइल टायरांतून झिरपणारा द्रव पॉलिस्टायरीनच्या चाकांना विरघळवतो, म्हणून टायर आणि चाक यांच्यामध्ये रंगाचा किंवा फॉइलचा थर ठेवतात आणि गाडीचे वजन टायरांवर न येता खालच्या आधारावर येईल अशी मांडणी करतात.