टीव्ही वर येतो ते ठीक, पण तिथेच थांबतो कसा?

हल्ली इंटिरिअरवाल्यांच्या रील्समध्ये हे सारखं दिसतं. बेडच्या पायथ्याशी एक बैठी पेटी, कोणीतरी रिमोट दाबतं, वरचं झाकण उचललं जातं आणि आतून 55 इंची टीव्ही सावकाश वर येतो. खाली कमेंट्समध्ये पहिला प्रश्न किमतीचा आणि दुसरा ठरलेला, "लाइट बिल किती येईल?" दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, काही नाही. कारण उचलणं हे या मशीनचं, म्हणजे टीव्ही लिफ्टचं, सगळ्यात सोपं काम आहे.

हिशोब करूनच बघू. आजचा 55 इंची एलईडी टीव्ही साधारण 15-16 किलोचा, ब्रॅकेट वगैरे धरून 20 किलो म्हणा. त्याची उंची जेमतेम 70 सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण बाहेर यायला 80 सेंटिमीटर उचलला की झालं. 20 किलो गुणिले 9.8 गुणिले 0.8 मीटर, म्हणजे सुमारे 157 ज्यूल. हे काम 25 सेकंदांत करायचं तर सव्वासहा वॉट लागतात! साध्या सीलिंग फॅनला 70-75 वॉट लागतात. प्रत्यक्षात मोटरला यापेक्षा चौपट-पाचपट द्यावे लागतात, कारण मधल्या यंत्रणेत बरीचशी ऊर्जा घर्षणात जाते, आणि गंमत अशी की ती मुद्दामच जाऊ दिलेली असते.

तशी टीव्ही लपवायची हौस आपल्याकडे नवीन नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, नंतर घराघरात जे ब्लॅक अँड व्हाइट सेट आले त्यातल्या बऱ्याच सेट्सना लाकडी सरकतं शटर असायचं, काहींना चक्क कुलूप, आणि परीक्षा जवळ आली की किल्ली आईकडे. पण तेव्हा टीव्हीच्या पुढे दार लावता यायचं, टीव्ही हलवायचा विषयच नव्हता. काचेच्या पिक्चर ट्यूबचा 29 इंची सेट 40 किलोच्या वर जायचा आणि फूट-दीड फूट मागे पोट सुटलेलं. टीव्ही चपटा आणि हलका झाला तेव्हाच ही लिफ्ट घरात परवडायला लागली.

आता आतलं बघू. भिंतीतल्या 230 व्होल्टचे एक अडॅप्टर 24 व्होल्ट डीसी करतो, त्यावर एक छोटी डीसी मोटर चालते. मोटर फिरते भराभर, मिनिटाला हजारो फेरे, पण तिच्यात जोर कमी. म्हणून आधी गिअर लावून वेग कमी करायचा आणि मग ते फिरणं एका उभ्या लांब स्क्रूला द्यायचं. या स्क्रूवर एक नट बसवलेला असतो, ब्राँझचा किंवा नायलॉनसारख्या टणक प्लास्टिकचा. नटाला फिरायला वाव नाही, तो रुळांमध्ये अडकवलाय, त्यामुळे स्क्रू फिरला की नट वर किंवा खाली सरकणार, आणि नटाला ब्रॅकेट, ब्रॅकेटला टीव्ही. एका फेऱ्यात नट 4 मिलिमीटर चढत असेल तर 80 सेंटिमीटरला 200 फेरे, 25 सेकंदांत म्हणजे सेकंदाला 8. बस एवढंच. कार जॅकमध्ये हेच असतं, आणि हॉस्पिटलच्या बटणावर वरखाली होणाऱ्या बेडमध्येही बहुतेक वेळा हेच.

स्क्रूचे आटे म्हणजे खरं तर दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. खंडाळ्याचा घाट वळणं घेत चढतो तसं, अंतर वाढतं पण चढ सौम्य होतो. 16 मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला 4 मिलिमीटरचा आटा असेल तर हा चढ जेमतेम 5 अंशांचा येतो. आणि इथे खरी मजा आहे. स्टील आणि नट यांच्यातलं घर्षण असं असतं की साधारण 8 अंशांपर्यंतच्या चढावरून वस्तू आपोआप घसरत नाही. म्हणजे टीव्ही कितीही वजनाने खाली दाबत राहिला तरी तो स्क्रूला उलटा फिरवू शकत नाही! वीज बंद, मोटर बंद, ब्रेक नाही, तरी 20 किलो हवेत जागच्या जागी. महावितरणची लाइट मध्येच गेली तर टीव्ही अर्ध्यात अडकेल, दिसायला विचित्र दिसेल, पण धाडकन खाली येणार नाही.

याची किंमत म्हणजे ती वाया जाणारी वीज. जो स्क्रू स्वतःला असा लॉक करून ठेवतो त्याची कार्यक्षमता 50 टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, हे गणितातच आहे, आणि प्रत्यक्षात 30-40 टक्केच मिळते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या सीएनसी मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये, बॉल स्क्रू असतात, त्यात नटाच्या आत छोट्या गोळ्या फिरतात, कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास. मग टीव्हीला ते का नाही लावत? कारण वीज गेली की इतका गुळगुळीत स्क्रू उलटा फिरून टीव्ही खाली सोडेल, मग वेगळा ब्रेक लावा, त्याचा खर्च वेगळा. घर्षणाला आपण एरवी शिव्या घालतो, इथे त्याच्याच जिवावर सगळं चाललंय.

थांबण्याचा दुसरा भाग म्हणजे कुठे थांबायचं ते कळणं. साध्या मॉडेलमध्ये वर आणि खाली एकेक लिमिट स्विच असतो, नट येऊन त्याला टेकला की मोटरचा करंट तुटतो. मोठ्या टीव्हीला दोन्ही बाजूंना दोन खांब, दोन मोटरी, आणि दोन मोटरी कधीच तंतोतंत एका वेगाने फिरत नाहीत, एक थोडी पुढे गेली की टीव्ही तिरका होऊन रुळात अडकणार. त्यासाठी मोटरच्या दांड्यावर बारीक चुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळून गेला की ओळखणारा सेन्सर, बसवतात, प्रत्येक फेऱ्याला सिग्नल येतो, कंट्रोलर दोन्हीकडचे फेरे मोजतो आणि पुढे गेलेल्या मोटरला जरा दमानं घ्यायला लावतो. लाइट मध्येच गेली की काही कंट्रोलर ही मोजणी विसरतात, म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की खालचं बटण दाबून धरा, टीव्ही पार तळाला जाऊ द्या, म्हणजे मोजणी शून्यापासून सुरू होते. अनेक लोक मॅन्युअल न वाचता सरळ मेकॅनिकला फोन लावतात.

आणि मध्ये कोणाचा हात आला तर? डीसी मोटरवर जितका जोर पडतो तितका ती जास्त करंट ओढते. कंट्रोलर तो करंट बघत बसलेला असतो, एकदम वाढला की समजतो काहीतरी अडलंय, थांबतो आणि थोडा उलटा जातो. वर जाताना हे छान चालतं. खाली येताना मात्र भानगड आहे, टीव्हीचं वजनच मोटरला मदत करत असतं त्यामुळे आधी करंट कमीच असतो आणि अडथळा उशिरा कळतो. म्हणून काही डिझाइनमध्ये नट टीव्हीला फक्त खालून उचलतो, वरून ओढत नाही, मग बोट सापडलंच तर त्यावर फक्त वजन येतं, मोटरचा जोर नाही. पण 20 किलो वजन हेसुद्धा लहान मुलाच्या बोटाला कमी नाही, त्यामुळे रिमोट पोरांच्या हाती देऊ नकाच.

लिफ्टचा रिमोट बऱ्याचदा रेडिओ लहरींवर चालतो, त्या प्लायवुडमधून आरपार जातात. टीव्हीचा किंवा सेट टॉप बॉक्सचा नेहमीचा रिमोट इन्फ्रारेडवर, म्हणजे प्रकाशच तो, लाकूड ओलांडत नाही. बॉक्स पेटीत ठेवला तर बाहेर एक छोटा रिसीव्हर डोळा बसवावा लागतो, जो सिग्नल घेऊन वायरने आत पोचवतो.

करून घ्यायचं असेल तर सुताराला तीन गोष्टी आधीच सांगा. पेटीला खाली आणि मागे हवेसाठी फटी ठेवायच्या, कारण टीव्ही गरम असतानाच आत जातो. वायरी मोकळ्या लोंबकळत ठेवायच्या नाहीत, प्लास्टिकच्या केबल चेनमधून न्यायच्या, नाहीतर एचडीएमआयची वायर कधीतरी ब्रॅकेटखाली चिरडणार. आणि मागची फळी स्क्रूनेच लावायची, फेविकॉलने नाही, कारण दोन-तीन वर्षांनी ग्रीस वाळून त्यात धूळ बसते आणि लिफ्ट करकरायला लागते, तेव्हा पुसून नवीन ग्रीस लावायला तिथूनच हात घालावा लागतो.