साखर गोड नसते

साखरेच्या एका रेणूत ४५ अणू असतात: १२ कार्बनचे, २२ हायड्रोजनचे आणि ११ ऑक्सिजनचे. यांतला एकही अणू गोड नाही. मांजरापुढे साधं पाणी आणि साखरेचं पाणी शेजारी शेजारी ठेवलं, तर त्याला दोन्ही सारखीच. रेणू तोच, जीभ मात्र वेगळी. गोडी म्हणजे आपल्या शरीराने साखरेवर मारलेला एक शेरा आहे, आणि तो शेरा बऱ्याचदा भलत्याच पदार्थावर मारला जातो.

हा शेरा मारणारी यंत्रणा नेमकी कळली ती २००१च्या सुमारास. चार्ल्स झुकर आणि निकोलस रायबा यांच्यासह संशोधकांचे अनेक गट तेव्हा तिच्या मागावर होते. जिभेवरच्या रुचिकलिकांतल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनांची एक जोडी असते. त्यांची नावं टी१आर२ आणि टी१आर३. ही जोडी म्हणजेच गोडाचा ग्राही, म्हणजे गोड रेणू येऊन बसला की पेशीला खबर देणारी कळ. कडू चवीसाठी माणसाकडे असे सुमारे २५ वेगवेगळे ग्राही आहेत. गोडासाठी मुख्यतः ही एकच जोडी. ते पटण्यासारखंही आहे. विषं शेकडो तऱ्हांची असतात आणि थोडंसं विषही जिवावर बेततं, म्हणून कडवटपणा अगदी कणभर असला तरी जिभेला कळतो. साखर हे इंधन आहे. चिमूटभराने काहीच साधत नाही. त्यामुळे गोडाचा ग्राही तसा आळशी आहे, भरपूर साखर आल्याशिवाय तो हलत नाही.

या प्रथिनांच्या बाहेर डोकावणाऱ्या भागाला शास्त्रज्ञांनी व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी वनस्पतीचं नाव दिलं आहे, कारण साखर आत शिरली की त्याची दोन पाती मिटतात. मग पेशीच्या आत रासायनिक निरोपांची साखळी सुरू होते, कॅल्शियम वाढतं, टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी उघडते आणि संदेश चेतातंतूंकडे जातो. ही वाहिनी उबेत अधिक जोमाने उघडते. वितळून कोमट झालेलं आइस्क्रीम असह्य गोड लागतं, त्यामागे मोठा वाटा हिचाच आहे. फळांतली शर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, मात्र उलट वागते. तिचे रेणू तापमानानुसार आकार बदलतात आणि त्यांतला सर्वांत गोड आकार थंडाव्यात जास्त टिकतो. म्हणून फ्रुक्टोजचं थंड सरबत गरमपेक्षा गोड लागतं.

(जिभेचं टोक फक्त गोडासाठी, कडा आंबटासाठी, हा पाठ्यपुस्तकांतला नकाशा विसरून जावा. १९०१मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या भागाभागांत अगदी किरकोळ फरक आढळले होते. पुढच्यांनी ते फुगवून नकाशा केला. सगळ्या चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात.)

आता चुकीच्या शेऱ्यांकडे येऊ. या ग्राहीला रेणू बसण्याच्या जागा एकाहून जास्त आहेत. साखर एका ठिकाणी बसते, सायक्लामेट हा कृत्रिम गोड पदार्थ दुसरीकडेच, तर काही गोड प्रथिनं तिसरीकडे. कुठूनही कळ दाबली गेली तरी मेंदूला जाणारा निरोप एकच: गोड! त्यामुळे ज्यांचा साखरेशी काडीचाही संबंध नाही, असे पदार्थही गोड लागतात. पश्चिम आफ्रिकेतल्या एका फळात सापडणारं थॉमॅटिन हे प्रथिन वजनाला वजन धरून साखरेच्या हजारो पट गोड आहे. बेरिलियम या विषारी धातूचे क्षार गोड लागतात, म्हणून त्या मूलद्रव्याला बराच काळ ग्लुसिनियम म्हणत असत. शिशाचं अ‍ॅसिटेट तर ‘शिशाची साखर’ म्हणूनच ओळखलं जायचं. प्राचीन रोममध्ये द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यांत आटवून दाट पाक करत आणि त्यात शिसं उतरे. १९३७मध्ये अमेरिकेत एका औषधाचं द्रवरूप करण्यासाठी डायएथिलिन ग्लायकॉल वापरलं गेलं. ते चवीला गोडसर, पण मूत्रपिंडांचा घात करणारं होतं. शंभराहून अधिक माणसं दगावली, त्यांत अनेक मुलं होती. औषध बाजारात आणण्याआधी त्याची सुरक्षितता दाखवणं बंधनकारक करणारा तिथला १९३८चा कायदा या दुर्घटनेनंतर आला.

जिभेची ही फसगत माणसाने पुढे व्यवसायासाठी वापरली, पण तिचे बहुतेक शोध योजून लागलेले नाहीत. कृत्रिम गोडीचा इतिहास हा प्रयोगशाळेतल्या अस्वच्छतेचा इतिहास आहे, असं म्हणायला हरकत नाही. १८७९मध्ये बाल्टिमोरला आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत डांबरातून मिळणाऱ्या संयुगांवर काम करणारा कॉन्स्टंटिन फालबर्ग जेवायला बसला आणि त्याला पाव गोड लागला. हात नीट धुतले नव्हते. ते होतं सॅकरिन. १९३७मध्ये मायकल स्वेडाने प्रयोगाच्या टेबलावर ठेवलेली सिगारेट पुन्हा ओठाला लावली आणि सायक्लामेट सापडलं. १९६५मध्ये जेम्स श्लाटर पोटातल्या अल्सरवरच्या औषधावर काम करत होता. कागद उचलण्यासाठी त्याने बोट जिभेला लावलं आणि अ‍ॅस्पार्टेम हाती लागलं.

सर्वांत बहारदार किस्सा १९७६चा. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये लेस्ली हफ यांच्या गटात शशिकांत फडणीस साखरेच्या रेणूला क्लोरीनचे अणू जोडून पाहत होते. नवं संयुग तपासून पाहा असा निरोप होता. फडणिसांनी तो चाखून पाहा असा ऐकला. इंग्रजीत ही दोन क्रियापदं कानाला फार जवळची आहेत. त्यांनी खरंच चाखलं, आणि ते कमालीचं गोड निघालं. हेच सुक्रालोज. साखरेच्या रेणूतल्या तीन हायड्रॉक्सिल गटांच्या जागी क्लोरीन आलं, एवढ्याने गोडी सुमारे ६०० पट झाली आणि शरीराला तो रेणू फोडता येईनासा झाला. क्लोरीन जोडलेलं अनोळखी संयुग कोणी जिभेवर ठेवू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

सॅकरिनची कडवट मागचव मात्र जिभेचा दोष नाही. सॅकरिन गोडाच्या ग्राहीबरोबर काही कडू ग्राहींनाही जागं करतं. एकच रेणू, दोन शेरे.

मांजराच्या बाबतीत काय घडलंय ते २००५मध्ये फिलाडेल्फियातल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी दाखवून दिलं. मांजरकुळात टी१आर२च्या जनुकातली २४७ अक्षरं गळालेली आहेत. जोडीतलं एक प्रथिनच बनत नाही, मग गोडी कळणार कशी? निव्वळ मांसावर जगणाऱ्याला तिच्यावाचून काही अडतही नाही. पुढे समुद्रसिंहासारख्या आणखी काही मांसाहारी प्राण्यांतही हे जनुक मोडीत निघालेलं आढळलं, आणि प्रत्येकात वेगळ्या तऱ्हेने.

पक्ष्यांनीही टी१आर२ गमावलं आहे. मग हमिंगबर्ड आयुष्यभर फुलांतला मकरंद कसा पितो? त्याचं उत्तर २०१४मध्ये मिळालं. मांसासारखी उमामी चव ओळखणारा टी१आर१ आणि टी१आर३ हा ग्राही त्याच्यात बदलत बदलत साखर ओळखू लागला आहे. हरवलेलं जनुक परत आणणं उत्क्रांतीला जमलं नाही, तेव्हा तिने शेजारचं हत्यार वापरलं. या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

जिभेच्या पातळीवर गोडी बंदही करता येते. मधुनाशिनी या वेलीचं पान चघळलं की त्यातली जिम्नेमिक आम्लं टी१आर३ला चिकटतात आणि काही वेळ साखर वाळूसारखी बेचव लागते. मिरॅक्युलिन हे आफ्रिकेतल्या एका लाल फळातलं प्रथिन याच्या उलट काम करतं. ते स्वतः गोड नाही, पण ग्राहीवर ठाण मांडून बसतं आणि आंबट काही तोंडात आलं की त्याला चालू करतं. मग लिंबूही गोड लागतं.

जीभ वगळूनही गोडी निर्माण करता येते. २०१५मध्ये झुकर यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतला गोड चवीचा भाग प्रकाशाने उद्दीपित केला. उंदीर साधं पाणी असं पिऊ लागले, जणू त्यात साखर आहे.

मग साखरेऐवजी कृत्रिम गोडीची गोळी टाकली की काम झालं, नाही का? इथे आतडं आडवं येतं. २००८च्या एका प्रयोगात ज्या उंदरांना गोडी कळतच नव्हती, तेही काही दिवसांत साखरेकडे वळले. सुक्रालोजकडे मात्र नाही. २०२०मध्ये झुकर यांच्या गटाने चव कळणाऱ्या उंदरांपुढे साखरेचं आणि अ‍ॅसेसल्फेम-के या कृत्रिम गोड पदार्थाचं पाणी ठेवलं. सुरुवातीला दोन्ही सारखीच आवडली. दोन दिवसांत मात्र ते जवळजवळ फक्त साखरेचंच पाणी पिऊ लागले. आतड्यातल्या पेशींवर ग्लुकोज आत घेणारं एसजीएलटी१ नावाचं प्रथिन असतं. त्याला साखर भेटली की व्हेगस चेतामार्गे मेंदूला बातमी जाते. कृत्रिम गोडीला हा मार्ग बंद असतो.

यावरून आतडं उष्मांक मोजतं असं वाटेल. तसंही नाही. त्याच संशोधकांनी उंदरांना ग्लुकोजसारखा एक रेणू दिला, जो एसजीएलटी१ ओळखतं पण ज्याचं शरीर इंधन करू शकत नाही. उंदीर त्याच्याही मागे लागले.